खालची पानं

३ मार्च

काम लागलं. म्हणजे दाजींनी लावलं. दाजी संशोधन केंद्राची गाडी चालवतात. त्यांनी तिथल्या साहेबांना सांगितलं, "मेहुणी आहे. हुशार आहे, फक्त पायाला भिंगरी आहे." ताई म्हणाली, "हुशार कशाला सांगितलंत? भिंगरी तेवढी खरी." घरात माझं नावच ते. बर्फाच्या कारखान्यात दोन महिने, लॉजच्या काउंटरवर सात आठवडे, फोटो स्टुडिओत एक महिना आणि एक दिवस. तो एक दिवस राहिलेली छत्री आणायला गेले होते. ताईची पैज आहे की वाटाणा पिकायच्या आत मी पळणार.

काचघर म्हणजे काचेचं घर, दुसरं काय. आत शिरलं की चष्मेवाल्यांना दिसेनासं होतं आणि बिनचष्मेवाल्यांना घाम फुटतो. दोन लांब टेबलं, चौसष्ट कुंड्या, कुंडीत काठीला धरून चढलेला वाटाणा. बाई इथल्या मुख्य शास्त्रज्ञ. बुटक्या, पांढऱ्या केसांचा अंबाडा, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. माळीकाका म्हणजे माळीकाका. तिसरी मी.

बाईंचं पहिलंच वाक्य, "जे दिसेल ते त्याच दिवशी लिहायचं. दुसऱ्या दिवशी लिहिलेली नोंद म्हणजे कादंबरी." मला तापमान लिहायला एक वही दिली. तिला चिकटून दुसरी आली, ती मी परत केली नाही. ही ती.

६ मार्च

आज बाईंनी फालतू कुंडीतली एक शेंग उकलली. (फालतू म्हणजे प्रयोगात नसलेली. अशा सहा आहेत, कोपऱ्यात, वर्गाबाहेर उभ्या केल्यासारख्या.) आत कोवळे दाणे, प्रत्येक दाणा एका बारीक देठाने शेंगेला धरलेला. बाईंनी विचारलं, "हा जीव आईला जोडलेला आहे की नाही?"

मी म्हटलं, "आहे की. नाळ दिसतेय."

"इथेच सगळे फसतात," बाई खूश. "नाळ येते ती दाण्याच्या सालापर्यंत. साल आईची. आतला जीव निराळा. दोघांच्या मध्ये फट असते. एकही शीर ती फट ओलांडत नाही. आई जवळचं सगळं फटीत सांडते, आणि जीव आपल्या दारांनी ते उचलून घेतो. उचललं तर उचललं."

मी विचारलं, सांडते काय? तर साखर आणि अमिनो आम्लं. अमिनो आम्लं म्हणजे नायट्रोजनची गाठोडी. मुळातून, पानातून गाठोडी बांधून शिरेत चढवायची, शिरेतून शेंगेत, शेंगेतून फटीत. चढताना दार, उतरताना दार. बाईंनी बत्तीस रोपांना ही दारं जास्तीची दिली आहेत, पानाच्या शिरेपाशी आणि दाण्याच्या कडेला. बाकीची बत्तीस साधी. दारं वाढवली तर दाण्यात प्रथिन वाढतं का, आणि वाढलं तर ते येतं कुठून, जुन्या पानांतून की मुळांतून, एवढा एकच प्रश्न. या एका प्रश्नात बाईंची नऊ वर्षं गेली. आणि हे शेवटचं पीक. बाई निवृत्त झालेल्याच आहेत, एका हंगामाची मुदत मागून घेतली आहे. नंतर काचघर दुसऱ्या विभागाला जाणार.

शाळेत हे असं कोणी सांगितलं असतं तर मी बारावी पूर्ण केली असती. नसती केली. पण वाटलं खरं.

९ मार्च

जड नायट्रोजन पाजला. तोच नायट्रोजन, फक्त पोटात एक कण जास्त, म्हणून तो नंतर ओळखू येतो. खालच्या चार पानांची एकेक कड ब्लेडने पट्टीसारखी कापायची, पान तोडायचं नाही, पट्टी इवल्या कुपीत बुडवून ठेवायची. पान स्ट्रॉने प्यायल्यासारखं पितं. माझी पट्टी दोनदा वाकडी कापली गेली. बाईंचा हात बघावा. सत्तरीच्या जवळच्या बाईचा हात नाही तो, घड्याळजीचा आहे.

जेवताना बाईंनी मावा नावाच्या बारीक किडीचं सांगितलं. मावा नेमकी अन्नाची शीर शोधून तीत सोंड घालतो. त्याला तसंच पिऊ द्यायचं आणि सोंड मध्येच छाटायची. किडा जातो, सोंड राहते, तिच्या टोकाला शिरेतला रस थेंबाथेंबाने येत राहतो. तरुणपणी बाईंनी असा रस गोळा केला होता. मला त्या छाटलेल्या माव्याचंच वाईट वाटत राहिलं. दुपारभर एकही आकडा धड लिहिला नाही. माळीकाका म्हणाले, "पोरी, तुझं लक्ष माव्यापेक्षा लवकर उडतं."

१५ मार्च

बाईंनी पुन्हा शेंग उकलली आणि पुन्हा विचारलं, जीव आईला जोडलेला आहे की नाही. मी म्हटलं, नाही, मध्ये फट असते. त्या जरा हिरमुसल्या. मग म्हणाल्या, "नाळ येते ती सालापर्यंत," आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. बाईंना वाटतं मी ठोंब आहे. एकदा सांगून हिच्या टाळक्यात शिरत नाही, असं आमच्या गणिताच्या सरांनाही वाटायचं, आणि ते बरोबर होते.

आज अंबाड्यात दोन पेन्सिली होत्या. तिसरी शोधत होत्या. मी हसले, त्याही हसल्या. त्यांच्या खोलीत कॅलेंडर अजून फेब्रुवारीचंच आहे. मी उलटायला गेले तर म्हणाल्या, राहू दे.

२१ मार्च

फटीची गोष्ट, तिसऱ्यांदा. या वेळी माळीकाका पाणी घालत होते. मी त्यांच्याकडे बघून डोळे फिरवले. ते हसले नाहीत. नळीकडे बघत राहिले. बाई गेल्यावर मला म्हणाले, "ऐक की गं. पुन्हा ऐकलं तर झिजतेस का?"

काका अतिच करतात. बाईंनी बंद केलेला नळ परत जाऊन बघतात. बाईंनी नावं घातलेली पाकिटं एकेक करून कुंडीशी ताडून बघतात. काचघराची किल्ली बाईंच्या कोटाच्या खिशाला दोऱ्याने शिवून टाकली आहे, शाळेतल्या पोराच्या रुमालासारखी. मी म्हटलं, "काका, एवढी चाकरी?" तर म्हणाले, "मी आहे तोवर इथे काही बिघडत नाही." फुशारकी.

तीन आठवडे होत आले. पळावंसं वाटलं नाही, हे आज बसमध्ये लक्षात आलं आणि एक थांबा पुढे गेले.

२ एप्रिल

खालची पानं पिवळी पडायला लागली. मी घाबरून बाईंना बोलवायला धावले. त्या म्हणाल्या, "ओरडतेस काय! आता तर गंमत सुरू झाली."

रोग नाही तो. शेंगांची भूक वाढते आणि मुळांतून येणारं पुरत नाही. मग रोप खालच्या पानांपासून मोडायला घेतं. पानाचा हिरवेपणा ज्या प्रथिनांचा असतो ती तोडायची, गाठोडी बांधायची, वर धाडायची. "पान मरतंय म्हणू नकोस. पान रिकामं होतंय. त्याला पुरतं रिकामं होऊ द्यायचं." बोट लावताच गळेल तेव्हाच ते घ्यायचं आणि त्या रोपाच्या पाकिटात टाकायचं. पानात उरलं किती आणि दाण्यात पोचलं किती, दोन्ही मोजलं की उत्तर. तोवर पिवळ्या पानाला हात लावायचा नाही. पाकिटं चौसष्ट, काकांनी टेबलाखाली रांगेत लावली आहेत.

मग ओघात फटीची गोष्ट. चौथ्यांदा. मी मान डोलावत राहिले. खरं तर मला आता ती गोष्ट आवडायला लागली आहे, फक्त शेवट आधीच माहीत असतो.

८ एप्रिल

माळीकाका आठवडाभराच्या रजेवर. डोळ्याचं ऑपरेशन. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाईंनी नेहमीपेक्षा निराळं काही करायला सांगितलं तर लगेच करू नकोस. मला फोन कर." मी म्हटलं, "तुमच्या डोळ्याला पट्टी असताना?" म्हणाले, "कान उघडेच आहेत." घरी येऊन ताईला सांगितलं. ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासते, तिला डोळ्यांतलं सगळं कळतं असं तिला वाटतं. ती अर्धा तास मोतीबिंदूवर बोलली आणि काकांचं वाक्य मागे पडलं.

९ एप्रिल

आज भरपूर काम केलं, पाठ धरली आहे.

सकाळी बाई आल्या आणि रांगेवर नजर टाकून म्हणाल्या, "अगं, टोमॅटोची खालची पिवळी पानं आज उतरवून टाक. बुरशी चढेल." मी म्हटलं, "बाई, वाटाणा." म्हणाल्या, "तेच ते." मी विचारलं, "पण पाकिटं? गळेपर्यंत थांबायचं होतं ना?" तर त्या एकदम चिडल्या. कधी चिडत नाहीत. "एक काम सांगितलं की दहा प्रश्न! पिवळं पान ठेवायचं नाही हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं. ऐकतेस कुठे तू?"

ऐकतेस कुठे तू. हे मला आईने सांगितलं आहे, ताईने, शाळेने, बर्फाच्या कारखान्यातल्या मुकादमाने. इतक्या जणांनी सांगितलं म्हणजे खरंच असणार. काकांना फोन करावा असं वाटलं, पण ऑपरेशन आजच, त्यांना काय विचारणार, की बाई बोलल्या ते मी नीट ऐकलं का? मीच उलटं ऐकलं असेन. मग मुकाट्याने टोपली घेतली.

एक वाजेपर्यंत चौसष्ट कुंड्या झाल्या. केस कापल्यासारखी दिसतात रोपं, मान उघडी पडलेली. दोन टोपल्या पानं खताच्या खड्ड्यात टाकली. बाई येऊन बघून म्हणाल्या, "छान, स्वच्छ." इतक्या दिवसांत पहिल्यांदा छान म्हणाल्या.

१० एप्रिल

बाई सकाळी आत आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

ओरडल्या नाहीत. पहिल्या कुंडीशी गेल्या, देठाच्या खुणेवर बोट ठेवलं. दुसरीशी गेल्या. तिसरीशी. बाराव्या की तेराव्या कुंडीशी खाली बसल्या, ओल्या फरशीवर. "कोणी केलं?"

मी म्हटलं, "तुम्ही सांगितलंत."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी एखाद्या परक्या भाषेत बोलले होते. "मी?"

दिवसभर आम्ही दोघी खड्ड्याशी होतो. बाई कोट काढून, बाह्या सारून. वरची पानं सापडली. पण चार महिन्यांचा पाला खाली शिजत असतो, रात्रीत पानं मऊ पडली होती. कापलेली कड दिसली की बाई पान बाजूला ठेवायच्या. शंभरेक जमली. मग त्या थांबल्या. हे पान कुठल्या कुंडीचं, साध्या की दारवाल्या, हे पानावर लिहिलेलं नसतं. दोघींनाही ते सकाळपासून माहीत होतं, तरी शोधत होतो.

मध्येच बाईंनी हातातल्या पानाचा चिखल पुसला आणि हळू आवाजात सांगायला लागल्या, नाळ सालापर्यंतच येते, मध्ये फट असते, आई फटीत सांडते. पाचव्यांदा. खड्ड्याच्या काठावर, गुडघाभर पाल्यात. मला रडू आलं. मला वाटलं, त्या मला क्षमा करत आहेत.

१२ एप्रिल

काही लिहिण्यासारखं नाही. तापमान सव्वीस.

१३ एप्रिल

साहेबांनी बोलावलं. बाई आधीच बसल्या होत्या. साहेब म्हणाले, "चौसष्टच्या चौसष्ट? एकाही कुंडीशी तुला वाटलं नाही की थांबावं?" मी म्हटलं, "बाईंनीच सांगितलं." साहेबांनी बाईंकडे बघितलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "मी नऊ वर्षं या पानांची वाट बघतेय. मी असं सांगेन?" मी साहेब असते तर मलाही बाईंचंच खरं वाटलं असतं.

शुक्रवारपर्यंत लेखी खुलासा द्यायचा आहे.

दाजी मला गाडीतून घरी घेऊन आले. उतरताना म्हणाले, "माझ्या शब्दावर घेतलं होतं तुला." ताईने ताट वाढलं. म्हणाली, "खरं सांग, लक्ष कुठे होतं तुझं?" मी म्हटलं, "ताई, मला सांगितलं होतं गं." ताई म्हणाली, "तुला नेहमी सांगितलेलंच असतं." ती वाईट बोलत नव्हती. केस मागे सारत बोलली, माझे. तेच जास्त लागलं.

मला राग आला आहे. बाईंचा. स्वतःची चूक माझ्या डोक्यावर ठेवून शांत बसतात. मोठी माणसं अशीच.

१५ एप्रिल

माळीकाका आले, काळा चष्मा लावून. बातमी त्यांना फाटकावरच कळली होती. सरळ काचघरात आले, एकेका रोपाच्या उघड्या देठावरून हात फिरवला, आणि मला विचारलं, "टोमॅटो म्हणाल्या का?"

मी चाटच पडले. "तुम्हाला कसं कळलं?"

"तीस वर्षांमागे इथे टोमॅटो होते. बाई नव्या नोकरीला लागल्या तेव्हा. पिवळं पान दिसलं की काढायचं, तेव्हाचा नियम तो. टोमॅटोला तो बरोबरच." ते स्टुलावर बसले. "मी जायला नको होतं."

मी म्हटलं, "म्हणजे त्या खोटं बोलल्या साहेबांपुढे."

"बाई खोटं बोलत नाहीत."

"मग मी बोलते?"

"तूही नाही."

हे काही मला जमेना. दोघींपैकी एक तर खोटी पाहिजे. काका म्हणाले, "पोरी, खुलाशात लिही की चूक तुझी. तू तशीही जाणारच कुठेतरी. बाईंना हे काचघर सोडून जायला जागा नाही."

तू तशीही जाणारच. हे त्यांनी किती सहज म्हटलं. मी जाणार नव्हते. या एका ठिकाणाहून मी जाणार नव्हते, आणि हे कोणाला दिसलंच नाही, कारण मीही ते कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. मी म्हटलं, "माझ्याकडे पुरावा आहे. रोजची वही आहे. नऊ तारखेला त्या काय बोलल्या, शब्दन् शब्द आहे."

काकांनी चष्मा काढला. ऑपरेशनचा डोळा लाल होता. "ती वही साहेबांना दाखवू नकोस," म्हणाले. "पाया पडतो."

म्हातारा माणूस असं म्हणतो म्हणजे काय. पण मी ठरवलं, साहेबांना नाही, बाईंनाच दाखवायची. तोंडावर. बघू काय म्हणतात.

१६ एप्रिल

चार वाजता बाईंच्या खोलीत गेले. वही टेबलावर आपटली म्हटलं तरी चालेल. "नऊ तारखेचं पान वाचा."

त्यांनी गळ्यातला चष्मा लावला आणि वाचलं. चेहरा हलला नाही. मग त्यांनी पान मागे उलटलं. मी म्हटलं, "तेवढंच वाचायचं होतं."

"एका नोंदीवरून कोणी निष्कर्ष काढतं का?" त्या पहिल्या पानावर गेल्या. अंबाड्यातून पेन्सिल काढली. वाचता वाचता समासात बारीक खूण करायच्या, पुढे जायच्या. मला आता लाज वाटायला लागली. त्यात काहीबाही लिहिलं होतं मी. खिडकीबाहेर दाजी गाडी धूत होते, बादलीचा आवाज येत होता. बाई पंधरा मार्चच्या पानावर थांबल्या, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, पुन्हा पानाकडे.

शेवटी पेन्सिल ठेवली. "पाच."

"काय पाच?"

"फटीची गोष्ट. सहा मार्च, पंधरा, एकवीस, दोन एप्रिल, दहा एप्रिल. या तारखा त्या त्या दिवशीच घातल्यास ना? मागाहून नाही?"

"त्या त्या दिवशीच."

"मध्ये न लिहिलेले दिवस बरेच आहेत."

"हो."

"म्हणजे पाच ही कमीत कमी संख्या." त्यांनी वहीवर हात ठेवला. तोच हात, घड्याळजीचा. तो हलत नव्हता. "मला पहिली तेवढी आठवते. तुझा चेहरा आठवतो, नाळ दिसतेय म्हणालीस तेव्हाचा. बाकीच्या चार..."

तेव्हा मला कळलं. इतक्या उशिरा. नळ, पाकिटं, दोऱ्याने शिवलेली किल्ली. मी प्रत्येक गोष्ट बघितली होती, लिहिली होती, त्यावर विनोदही केले होते, आणि मला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. माझं निर्दोषपण दाखवायला गेले आणि बाईंच्या हातात हे ठेवलं.

मी म्हटलं, "बाई, फाडून टाकते ही वही."

"खबरदार. नोंद फाडायची नाही." मग म्हणाल्या, "चांगली नोंद आहे. आणि तू ठोंब नाहीस. तू बरोबर ऐकलं होतंस." आणि विचारलं, "माळ्याला माहीत आहे?" मी वहीकडे बघितलं. "म्हणजे आहे."

म्हणाल्या, साहेब आज लवकर घरी गेले, उद्या सकाळी मी स्वतः सांगते, तू खुलासा लिहू नकोस. एका चिठ्ठीवर ते लिहिलं आणि कोटाच्या वरच्या खिशात ठेवलं. "विसरायला नको," म्हणाल्या, आणि हसल्या. मला हसता आलं नाही.

१७ एप्रिल

बाई सकाळी धुतलेला कोट घालून आल्या. कोट गुरुवारी संध्याकाळी धुलाईला जातात. माझ्या डोक्यात आलंच नाही.

"खुलासा दिलास का साहेबांना?" त्यांनी विचारलं. आवाज कोरडा. "आज शेवटचा दिवस. आणि एक सांगते, निदान खुलाशात तरी माझ्या नावावर ढकलू नकोस. चूक होते माणसाकडून. कबूल करायला हिंमत लागते."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. काही लपवत नव्हत्या. तिथे कालची दुपार नव्हतीच.

धुलाईची पिशवी अजून मागच्या दारात पडून होती. त्यात बाईंचा कोट सापडला, खिशात चिठ्ठी. "पानं मीच काढायला सांगितली. मुलीची चूक नाही. साहेबांना सांगणे. मला विसरायला होतं आहे." बाईंचं अक्षर, एकही खाडाखोड नाही. ती घेऊन मी साहेबांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. आत टेबलाचा खण उघडल्याचा आवाज आला. मी उभी राहिले. हे दिलं की मी सुटते, ताई-दाजींपुढे मान वर होते, मला राहता येतं. आणि बाईंना आजच घरी पाठवतील. शेंगा अजून दहा दिवस भरायच्या आहेत.

चिठ्ठी वहीत ठेवली. खुलासा चार ओळींचा लिहिला. चूक माझी, लक्ष नव्हतं. तेवढं लिहायला फार विचार लागला नाही, आयुष्यभर ऐकलेलंच होतं. साहेबांनी वाचून सांगितलं, पुढच्या शुक्रवारी शेवटचा दिवस.

२० एप्रिल

चांगलं केलं असं वाटत नाही. काकांना वाटतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा मला तो झटकावासा वाटला. पुढच्या वेळी बाई कोणाला काय सांगतील, कदाचित त्याहून वाईट काही, आणि ते कोण लिहून ठेवणार? काका एकटे किती नळ तपासणार? आणि बाईंनी वाचलं तेव्हा त्यांना ते हवं होतं, साहेबांना कळायला हवं होतं. त्यांनी स्वतः लिहिलं, सांगणे. मी त्यांची नोंद दाबून ठेवली आहे. हे चांगुलपण की आणखी एक चूक, मला खरंच माहीत नाही.

ताई पैज जिंकली. वाटाणा पिकायच्या आत. तिने ते बोलून दाखवलं नाही.

२४ एप्रिल

शेवटचा दिवस. काकांनी पाकिटांची रांग उचलून गठ्ठा बांधला. चौसष्ट पाकिटं, सगळी रिकामी. रोपांवरच्या शेंगा चपट्या आहेत. दाणे भरत आहेत, पण बारीक. बाईंना माहीत आहे की उत्तर गेलं. हे त्यांच्या लक्षात राहिलं आहे. राहायला नको ते राहतं.

दुपारी मी कोट घडी करून ठेवत होते तेव्हा बाई आल्या. माझ्याशी आठवडाभर बोलल्या नव्हत्या. कोपऱ्यातल्या फालतू कुंडीची शेंग हातात होती. माझ्यासमोर धरली आणि अंगठ्याने उकलली. आत पाच दाणे.

"हा जीव आईला जोडलेला आहे की नाही, सांग बघू."

काकांनी नळी बंद केली.

मी वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. म्हटलं, "आहे की, बाई. नाळ दिसतेय."

"इथेच सगळे फसतात," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा उजळला, तसा मी तो पहिल्या आठवड्यानंतर बघितलाच नव्हता. सालापर्यंत आल्या, फटीपर्यंत आल्या. आई जवळचं सगळं फटीत सांडते, म्हणाल्या.

मी विचारलं, "आणि पलीकडे कोणी उचललंच नाही तर?"

हे मी आधी कधी विचारलं नव्हतं. बाई थांबल्या. शेंगेकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे.

"तरी सांडतेच," म्हणाल्या.

बसमध्ये वही उघडली. समासात बाईंच्या पाच खुणा आहेत. पेन्सिल नव्हती, पेनाने सहावी मी केली.